एक डॉलर न्हाई

रायफल नेमबाज स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकमधलं ब्राँझ ऑगस्ट 2024 मधलं. ऑक्टोबरात त्याच्या वडिलांनी राज्य सरकारच्या दोन कोटींच्या बक्षिसावर नाराजी बोलून दाखवली, पाच कोटी हवेत आणि बालेवाडी क्रीडासंकुलाजवळ फ्लॅट हवा असं म्हटलं, आणि आमच्या घरच्या ग्रुपवर जी जुंपली ती अजून शमलेली नाही. कुणी बारशाचे फोटो टाकले तरी दोन दिवसांत गाडी त्या फ्लॅटवर येते. परवा दादाने लिहिलं, "अमेरिकेची ती बाई बघा. सहा ऑलिंपिक, सहा पदकं. सरकारचा एक डॉलर न्हाई. मागितला का तिनं फ्लॅट?"

तिडीक गेली डोक्यात. आणि जास्त राग याचा, की वाक्य माझंच होतं. मागच्या गणपतीत कोल्हापूरला आरतीनंतर खिरापत वाटता वाटता मीच ते ठसक्यात ऐकवलं होतं.

ती बाई म्हणजे किम ऱ्होड. ती आणि मी दोघी 1979 च्या. ती वाढली इथेच कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळच्या एल मॉन्टेत, आमच्यापासून टेन फ्रीवेने वीस मिनिटं, शुक्रवारी संध्याकाळी पाऊण तास. 1996 च्या जुलैत, सतरावा वाढदिवस होऊन आठवडा झाला असताना, तिने अटलांटात डबल ट्रॅपचं, म्हणजे एकदम उडणाऱ्या दोन तबकड्या फोडायच्या नेमबाजीचं, सुवर्ण घेतलं. मी तेव्हा बारावीला. आम्ही पेसच्या ब्राँझवर पेढे वाटत होतो, हिचं नावही कानावर आलं नव्हतं. सिडनीत ब्राँझ, अथेन्सला पुन्हा सुवर्ण. त्यानंतर महिलांचा डबल ट्रॅप ऑलिंपिकमधून काढूनच टाकला. ज्यात आपण जगात पहिल्या, तो प्रकारच शिल्लक नाही! पंचविशीत ती स्कीटकडे, तबकड्यांच्याच दुसऱ्या प्रकाराकडे, वळली. बीजिंगला रौप्य, लंडनला 100 पैकी 99 तबकड्या फोडून सुवर्ण. 2013 मध्ये मुलगा झाला, बाळंतपण अवघड गेलं, तरी रिओत चीनच्या मेंग वेईला बरोबरीनंतरच्या शूट-ऑफमध्ये मागे टाकून ब्राँझ. पाच खंडांत पदकं.

स्कीट म्हणजे काय ते मला एकदाच कळलं, नवऱ्याच्या ऑफिसने सगळ्यांना एका क्लबवर नेलं तेव्हा. ऑलिंपिकमध्ये बंदूक कमरेशी धरून उभं राहायचं असतं. 'पुल' म्हटल्यावर तबकडी लगेच सुटेल किंवा तीन सेकंदांपर्यंत कधीही, आणि ती दिसल्यावरच बंदूक खांद्याला. आम्हा नवख्यांना आधीच खांद्याला लावायला दिली होती. पंचवीसपैकी मी दोन फोडल्या, त्यातली एक बहुधा मुळात तडकलेली. आठवडाभर खांदा जांभळा. बुटाच्या खाचेत अडकून आलेला नारिंगी तुकडा अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. किम दिवसाला पाचशे ते हजार गोळ्या झाडायची.

आता हिशेब. पाचशे गोळ्या म्हणजे पंचविसांची वीस खोकी, रोज. त्यामागे काडतुसांची एक मोठी कंपनी उभी होती, हे मी गणपतीत सांगितलं नव्हतं. 2008 मध्ये बीजिंगहून परतल्यावर थोड्याच दिवसांत तिच्या ट्रकमधून बंदूक चोरीला गेली. चार ऑलिंपिक बघितलेली, पेराझी कंपनीची. तेव्हा चाहत्यांनी पैसे जमवून नवी घेऊन दिली. (जुनी पुढच्या जानेवारीत पोलिसांना सापडली.) दादा, याला आपल्या गल्लीत वर्गणी म्हणतात. म्हणजे हात पसरला नाही तरी हातात पडत होतं. आणि सरकार देत नसलं तरी इथली ऑलिंपिक समिती सुवर्णाला 37,500 डॉलर देते, ब्राँझला 15,000. ब्राँझचे रुपयांत तेरा लाखांच्या आसपास, दोन कोटींपुढे काहीच नाही. हा आकडा गणपतीत मात्र मी आवर्जून सांगितला होता. सोयीचा होता ना!

पण स्वप्नील कांबळवाडीचा, पदकापर्यंत रेल्वेत टीसी. त्याला काडतुसांची कंपनी कुठून भेटणार? आपल्याकडे छर्ऱ्याची बंदूक, म्हणजे किमची शॉटगन, एकतर राजवाड्यात, नाहीतर फौजेत. बिकानेरचे महाराजा करणीसिंह काय, कर्नल राज्यवर्धनसिंह राठोड काय. त्या बंदुकीला मोकळं आभाळ लागतं आणि पोत्याने पैसा. म्हणून आमच्या कोल्हापूरच्या पोरींनी नेम धरला तो रायफलीवर आणि पिस्तुलावर. दुधाळीच्या रेंजवरून तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जाऊन जगज्जेती होऊन आली. त्या बातमीने मी इथल्या ऑफिसात रडले होते, आणि शेजारच्या क्युबिकलमधल्याला सांगताना 'माझ्या गावची' म्हणाले होते.

एक गोष्ट मी दादाला कधीच सांगितलेली नाही. रिओचं ब्राँझ 2016 च्या ऑगस्टमधलं. त्याच नोव्हेंबरात मी नागरिक म्हणून पहिल्यांदा मत दिलं. मतपत्रिकेवर प्रस्ताव 63 होता, काडतुसं घेणाऱ्याची आधी तपासणी व्हावी असा. लेक किंडरगार्टनला. त्याच आठवड्यात त्यांच्या वर्गात दिवे मालवून लॉकडाउनचा, म्हणजे शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर लपायचं कसं याचा, सराव झाला होता आणि घरी येऊन तिने मला टेबलाखाली बसून दाखवलं, गुडघे पोटाशी घेऊन, तोंडावर हात. मी 'यस'समोरचं वर्तुळ भरलं. 2018 मध्ये त्या कायद्याविरुद्ध दावा लागला. वादींमध्ये पहिलं नाव किम ऱ्होड.

म्हणजे गणपतीत जिचं नाव घेऊन मी सगळ्यांना गप्प केलं, तिच्याविरुद्धच अमेरिकन म्हणून माझं पहिलं मत पडलं होतं. तिचा खेळ महाग आणि अवघड करणाऱ्या बाजूला. आजही तिथेच देईन. हे ग्रुपवर लिहायचं तर आधी टेबलाखालची लेक लिहावी लागेल, आणि ती आईने वाचली की "परत या" सुरू होईल.

म्हणून मी एवढंच लिहिलं, की दादा, मागू दे की फ्लॅट, तुझ्या खिशातून जातोय का?

त्याचं लगेच उत्तर, "तुमच्या किमनं मागितला न्हाई, आमच्या पोराला पायजे."

तुमची किम. आमचा पोरगा. त्यातल्या 'आमच्या'त मला धरलंय का, ते मी विचारलं नाही. वहिनीने तोवर कटाच्या आमटीचा फोटो टाकला होता.