बोली लावताय ना, मग इसारही ठेवा

नाणी, नोटा आणि पोस्टाची तिकिटं यांचे ऑनलाइन लिलाव चालतात त्या ग्रुपांवरच्या सगळ्यांसाठी लिहितेय, बोली जिंकून पैसे न देता पळणाऱ्यांबद्दल. थोडं मोठं होईल पण वाचा. आणि ॲडमिन मंडळींनी तर नक्की वाचा कारण हे थांबवणं तुमच्याच हातात आहे.

माझ्या सासऱ्यांनी, अप्पांनी, आयुष्यभर तिकिटं आणि नोटा जमवल्या. आता नजर कमी झालीये, भिंग लावूनही तिकिटाच्या कडेचे दाते मोजता येत नाहीत, म्हणून त्यांनीच सांगितलं की ज्यांना आवड आहे त्यांच्याकडे हळूहळू जाऊ दे सगळं. तेव्हापासून लिलाव मी बघते. एक लॉट, म्हणजे लिलावाची एक वस्तू, टाकायचा म्हणजे काय असतं हे नुसती बोली लावणाऱ्याला कळत नाही. पुढून स्कॅन, मागून स्कॅन, डिंक शाबूत आहे का, हिंज (अल्बममध्ये तिकीट चिकटवायची कागदी पट्टी) लावल्याची खूण आहे का, कोपऱ्याला पिवळा डाग आहे का, नोट असेल तर मधे घडी आहे का, पिनचं भोक आहे का, हे सगळं अप्पांना विचारून विचारून लिहायचं. गांधीजींची १९४८ ची तिकिटं टाकायची तर आधी खरी आहेत याची खात्री, कारण त्यातल्या दहा रुपयेवाल्याच्या नकला बाजारात भरपूर आहेत आणि मला कुणाला फसवायचं नाहीये.

मग बेस प्राइस, रात्री नऊला बंद, पेमेंट चोवीस तासांत, पोस्टेज वेगळं. बोली चढते, नऊ वाजतात, मी सोल्ड लिहिते, जिंकलेल्या माणसाला यूपीआय पाठवते. आणि मग काहीच नाही. दुसऱ्या दिवशी आठवण केली की "करतो ताई संध्याकाळी". मग "पगार झाला की". मग "मुलाच्या हातात मोबाईल होता, त्याने लावली". मग ब्लॉक. हे लोक नवीन असतात असंही नाही, ग्रुपवर वर्षानुवर्षं असलेले, रोज सकाळी सुविचार टाकणारे लोक आहेत.

तुम्ही म्हणाल दोन नंबरच्याला द्या. तिथेच खरं नुकसान आहे! समजा एक फर्स्ट डे कव्हर, म्हणजे नवं तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का असलेलं पाकीट, पाचशेला सुरू झालं, दोघांच्या चढाओढीत बाराशेला गेलं आणि बाराशेवाला पळाला. आता अकराशेवाला म्हणतो, तो माणूस खरा नव्हताच ना, मग माझी खरी बोली पाचशेच. त्याचं चुकलंय का? नाही. त्याला वर चढवणारा खोटाच निघाला. पण पुढे तो हळूच विचारतो की मॅडम तो तुमचाच माणूस होता का, भाव चढवायला. म्हणजे पैसे गेले माझे, माल अडकला माझा, आणि संशयही माझ्यावरच. अप्पांनी चाळीस वर्षं या छंदात नाव राखलंय, त्यांच्या वस्तूवर असं कुणी बोललं की मला रात्री झोप लागत नाही.

आणि हे काही कायद्याबाहेरचं जग नाहीये. आपल्याकडे १९३० चा माल विक्री कायदा आहे, त्याचं कलम ६४ लिलावाबद्दलच आहे. हातोडा पडला, म्हणजे विक्री जाहीर झाली, की सौदा पूर्ण. त्याच्या आधी बोली मागे घेता येते, नंतर नाही. त्याच कलमात असंही आहे की भाव वाढवायला विकणाऱ्याने खोटी बोली लावली तर घेणाऱ्याला सौदा मोडता येतो. म्हणजे दोन्ही बाजूंना बांधलंय. पण बाराशे रुपयांसाठी कोर्टात कोण जाणार, हे पळणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

पूर्वी अप्पा पोस्टाच्या व्हीपीने पाठवायचे. पोस्टमनच्या हातात पैसे दिल्याशिवाय पाकीट मिळायचं नाही, कुणी सोडवलं नाही तर परत यायचं, जाण्यायेण्याचा खर्च अंगावर पडायचा पण निदान वस्तू घरी यायची. नंतर बाझी डॉट कॉम ही लिलावाची साइट आली, ती २००४ मध्ये ईबे या परदेशी लिलाव कंपनीने घेतली, आणि १४ ऑगस्ट २०१८ ला ईबेची भारतातली साइट बंद झाली. तिथेही विकणाऱ्याला फार आधार होता असं नाही. ईबेने २००८ मध्ये नियमच केला की विक्रेत्याने खरेदीदाराला वाईट शेरा द्यायचा नाही, उलट बाजूने मात्र चालेल. त्यांचं म्हणणं होतं की विक्रेते सूड म्हणून वाईट शेरे देतात, त्यात तथ्य असेलही, पण त्यामुळे पैसे न देणारा माणूस पुढच्या विक्रेत्याला ओळखू येणं बंद झालं. आपल्या ग्रुपांवर तर शेरा हा प्रकारच नाही. एका ग्रुपवरून काढलं की तोच माणूस दुसऱ्या ग्रुपवर, दुसऱ्या नंबरवरून.

नऊ वाजताचा गोंधळ वेगळाच. पूर्ण दिवस कुणी बोलत नाही आणि आठ एकोणसाठला पाच जण तुटून पडतात. ग्रुपवरचे मेसेज प्रत्येकाच्या फोनवर एकाच क्रमाने दिसतील असं नसतं, ज्याचं नेट स्लो त्याची बोली त्याच्या फोनवर आधी आणि माझ्या फोनवर नंतर, मग दोघंही स्क्रीनशॉट पाठवतात आणि दोघांचेही खरे असतात. मी कुणाला देऊ? एकाला दिलं की दुसरा ग्रुपवर जाहीर भांडतो. यावर उपाय जुना आहे. ॲमेझॉनचे पूर्वी लिलाव चालायचे, त्यांचा नियम असा होता की शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप दहा मिनिटं पुढे. ईबेवर वेळ ठरलेली. रॉथ आणि ओकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडचे आकडे तपासून २००२ मध्ये दाखवलं की शेवटच्या क्षणी झडप घालणं ईबेवर कितीतरी जास्त होतं. आपल्याला त्यासाठी सॉफ्टवेअरही लागत नाही, शेवटच्या बोलीनंतर दहा मिनिटं शांतता गेली की सोल्ड, एवढं ॲडमिनने एकदा लिहून पिन करायचं.

एक गोष्ट मात्र मनाला फार लागते. फोनवर माझा आवाज ऐकला की काही जण विचारतात, "घरात कुणी पुरुष माणूस आहे का व्यवहाराचं बोलायला?" घडी आणि क्रीझमधला फरक मला कळतो, एक रुपयाच्या नोटेवर कोणत्या वित्त सचिवाची सही आहे हे मी सांगू शकते, पण भाव पाडायला माझ्या मिस्टरांशी बोलायचंय. मी फोन त्यांच्याकडे देत नाही, देणारही नाही.

परदेशातले आपले लोकही विचारतात, शिवराई (शिवकाळापासूनचं तांब्याचं नाणं) पाठवा ना, मुलांना दाखवायचीये. त्यांची ओढ कळते मला. पण शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि १९७२ च्या कायद्याने ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. नाही म्हटलं की "बाकीचे पाठवतात" म्हणतात. पाठवत असतील, मी नाही पाठवणार.

आणि ते ७८६ नंबरच्या नोटेचे लाखो रुपये मिळतात वाले व्हिडिओ! रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आमचा संबंध नाही आणि आमच्या नावाने कुणी कमिशन मागितलं तर देऊ नका. तरी लोक मला मेसेज करतात, माझ्याकडे आहे, किती लाख देता. खरं सांगितलं की मीच लुबाडतेय असा समज. त्यातल्या एक आजी तर रडायलाच लागल्या, त्यांनी आधीच कुणालातरी "रजिस्ट्रेशन फी" भरली होती.

आता माझं म्हणणं. बँकेने जप्त केलेलं घर ऑनलाइन लिलावात घ्यायचं तर बोलीच्या आधी अनामत भरावी लागते, जिंकलात की फार तर पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत पंचवीस टक्के, बाकीचे ठरलेल्या मुदतीत, नाही भरले तर आधीचे गेले. गावाकडे बैल घेतानाही इसार देतातच. मग तिकिटाला का नको? ग्रुपवर बोली लावायची असेल तर ॲडमिनकडे पाचशे रुपये इसार, एकदाच. नीट व्यवहार केलात तर तसाच राहील, ग्रुप सोडताना परत. पळालात तर तो विक्रेत्याला. विकणाऱ्यानेही तेवढाच ठेवायचा, म्हणजे खोटी वस्तू पाठवली किंवा आपलाच माणूस बोलीला बसवला तर घेणाऱ्याला भरपाई. मी स्वतः आधी ठेवायला तयार आहे.

"मग नवीन पोरं येणार नाहीत" असं एका ॲडमिनदादांनी म्हटलं. शाळेतल्या मुलांना सूट द्या की, त्यांच्यासाठी ठरलेल्या भावाचे लॉट वेगळे काढा, अप्पा तर मुलांना तिकिटं फुकट देतात आजही. पाचशे रुपये ठेवायची ज्याची तयारी नाही तो बाराशेची बोली कशाच्या जोरावर लावतोय, हे मला कुणीतरी सांगा.

कुठल्या ग्रुपने हे सुरू केलं तर कमेंटमध्ये कळवा. अप्पांचा त्रावणकोर-कोचीनच्या जुन्या तिकिटांचा अल्बम मी तोपर्यंत काढत नाहीये.