वरुणदेव, ब्रासो आणि मी

आमच्या आटपाडी तालुक्याचा पाण्याशी संबंध बराच काळ टँकरपुरताच होता. २०१२-१३ च्या दुष्काळात मी शाळेत होतो आणि गावची जनावरं चारा छावणीत होती. टेंभू योजनेचं पाणी नंतर फिरलं. अशा तालुक्यातला पोरगा नौदलात अधिकारी व्हायला निघाला म्हटल्यावर पारावर चर्चा तर होणारच. "पवायला येतंय का तुला?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. विहिरीत पोहतो म्हणालो. "विहिरीला तळ दिसतोय बाबा," एवढंच बोलून त्यानं चुना मळायला घेतला.

म्हाताऱ्याची काळजी चुकीच्या जागी होती. प्रशिक्षणात समुद्रानं मला काही केलं नाही. जे काय व्हायचं ते कोरड्या, खडखडीत परेड ग्राउंडवर झालं आणि त्याचं नाव इन्स्पेक्शन.

इन्स्पेक्शनचे दोन भाग. एक अंगावरचा, एक डोक्यातला. अंगावरचा म्हणजे पांढराशुभ्र गणवेश, ब्रासो या पितळेच्या पॉलिशनं घासलेलं बक्कल आणि आरशासारखे बूट. डोक्यातला म्हणजे नौदलाची प्राथमिक माहिती: हुद्दे, ध्वज, कमांड, दोरखंडाच्या गाठी, जहाजाचे अवयव, कोण कुणाच्या हाताखाली, त्याच्या वरती कोण, आणि त्याच्याही वरती कोण. वेगवेगळे बघितले तर दोन्ही भाग सोपे आहेत. पण परीक्षा एकदम होते. साहेब समोर उभे राहतात, त्यांची नजर टोपीवरून निघून कॉलरवरून बक्कलावर येते, आणि ती बक्कलावर असतानाच तोंडातून प्रश्न येतो. आपल्याला मात्र खाली बघायची मुभा नसते. बक्कलावर बोटाचा ठसा राहिलाय की काय, या विचारात निम्मा मेंदू अडकतो आणि उरलेल्या निम्म्यानं देशाच्या पश्चिम किनाऱ्याची जबाबदारी कुणाकडे आहे हे सांगायचं.

ही माहिती आम्हाला मिळाली एका वहीतून. आधीच्या कोर्सनं पुढच्या कोर्सला द्यायची, झेरॉक्सवर झेरॉक्स होत आलेली ती पोथी. पानांच्या कडा काळ्या, मधली अक्षरं पुसट, समासात कुणाकुणाचे शेरे. पोथीत सगळं होतं, फक्त बरंच जुनं झालं होतं. ध्वजाचंच घ्या. स्वातंत्र्यानंतरही नौदलाच्या ध्वजावर लाल क्रॉस होता. तो २००१ मध्ये गेला. २००४ मध्ये परत आला, कारण नव्या ध्वजावरचं निळं चिन्ह आभाळात आणि समुद्रात मिसळून दिसेनासं व्हायचं म्हणे. २०१४ मध्ये त्यात 'सत्यमेव जयते' आलं. २०२२ मध्ये विक्रांत ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली त्या दिवशी क्रॉस कायमचा गेला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. २०२३ च्या अखेरीस तो अष्टकोन ॲडमिरल मंडळींच्या खांद्यावरही चढला. आमच्या पोथीत क्रॉस २००४ ला परत येऊन तिथेच थांबला होता.

अष्टकोनाचा प्रश्न आला की सगळे माझ्याकडे बघायचे. महाराष्ट्राचा म्हटल्यावर राजमुद्रा मला पाठ असणारच. ती होतीही, "प्रतिपच्चंद्रलेखेव" शाळेत घोकून घेतलेलं. रोहतकचा माझा रूममेट माझ्याकडून ते शिकला आणि त्याच्या खणखणीत हरयाणवी उच्चारात रात्री बूट घासताना म्हणायचा. मीही त्याच्याकडून बरंच शिकलो, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ध्वजावरच्या ब्रीदवाक्याचा मात्र मला पहिल्या दिवसापासून संशय होता. 'शं नो वरुणः', म्हणजे वरुणदेव आमचं कल्याण करो. आमच्या तालुक्यानं पिढ्यान् पिढ्या याच देवाकडे हेच मागणं लावून धरलं होतं. त्याचा रेकॉर्ड मला ठाऊक होता.

हुद्द्यांचा गोंधळ तर घरापर्यंत गेला. लष्करातला कॅप्टन आणि नौदलातला लेफ्टनंट एकाच पायरीवर. नौदलातला कॅप्टन म्हणजे लष्करातला कर्नल. हे मी रविवारी फोनवर आईला समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "आरं, पण शेजारच्यांचा भाचा कॅप्टन झालाय, आन् तू पुढं जाऊन लेफ्टनंट व्हणार, मग त्यो मोठा का तू?" मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. "बरं बरं," ती म्हणाली, "मी त्यास्नी कायबी सांगत नाय." त्या घरात मी अजून लहानच आहे.

मग जहाजाची भाषा. जमिनीला डेक म्हणायचं, भिंतीला बल्कहेड, स्वयंपाकघराला गॅली आणि संडासाला हेड्स. इमारत सिमेंटची असली तरीही. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी आहे. नाव जहाजाचं, काम सागरी अभियांत्रिकी शिकवण्याचं, आणि ठिकाण थेट घाटमाथ्यावर. चिक्कीच्या दुकानांच्या गावात 'इंडियन नेव्हल शिप' कसं, हा प्रश्न मला पडला. उत्तर असं की नौदलातला प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या जहाजाच्या पटावर असला पाहिजे ही ब्रिटिशांच्या वेळची रीत, म्हणून किनाऱ्यावरच्या तळालाही जहाज समजायचं. फाटकातून बाहेर चहाला गेलं तरी माणूस 'ॲशोअर', म्हणजे किनाऱ्यावर जातो. आटपाडीच्या माणसाला हे ऐकून फार धीर आला. पाण्याशिवाय जहाज चालत असेल तर आपलंही चालेल.

पहाऱ्यांचं वेळापत्रक सगळ्यात अवघड. चार-चार तासांचे पहारे, फक्त संध्याकाळी चार ते आठ या वेळाचे दोन तुकडे, त्यांना डॉग वॉच म्हणतात. 'फर्स्ट वॉच' सुरू होतो रात्री आठला. पहिला पहारा दिवस संपताना का, हे विचारायची सोय नव्हती. तुकडे का पाडले ते मात्र मला आवडलं: त्यामुळे दिवसाचे पहारे सहाऐवजी सात होतात, आणि विषम आकडा असल्यानं त्याच माणसांच्या वाट्याला रोज मध्यरात्रीचा पहारा येत नाही. गावाकडे शेतीच्या रात्रपाळीच्या विजेचं वेळापत्रक लावणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री कुणी झोपत नाही, आणि झोपलाच तर पलंगावर नाही. चादरीची घडी कोपऱ्यात बरोबर बसली की ती मोडायची कुणाची छाती होत नाही. सगळे खाली डेकवर. कपाटात हँगरची तोंडं एकाच दिशेला, शर्टांच्या घड्या वहीच्या मापाच्या, टूथब्रशचे केससुद्धा एकाच बाजूला वळलेले. साहेब पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवतात अशी वदंता होती, म्हणून पंखाही पुसला आणि मग धूळ बसेल म्हणून लावला नाही. केरळातल्या उकाड्यात.

आणि बूट. बोटाला कापड घट्ट गुंडाळायचं, किवीचा कणभर लेप घ्यायचा, पाण्याचा एक थेंब, आणि बुटाच्या टोकावर लहान लहान गोल. जोर लावला की फिकटतं. घाई केली की रेघ पडते. तासभर काहीच दिसत नाही, मग अचानक त्यात छतावरची ट्यूबलाइट दिसायला लागते, आणखी थोड्या वेळानं स्वतःचं नाक. गोल फिरवताना तोंडानं पोथी चालू: मुंबई पश्चिम, विशाखापट्टणम पूर्व, कोची दक्षिण. डावीकडे लाल दिवा, उजवीकडे हिरवा. सागरी मैल १८५२ मीटर. आजही कुणी कोचीचं नाव काढलं की माझं उजवं बोट आपोआप गोल फिरतं.

सकाळ झाली. आम्ही उभे. ऊन अजून कोवळं होतं पण पांढऱ्या कपड्यांवरून डोळ्यात जात होतं. साहेब रांगेतून येत होते, मागे डिव्हिजनल ऑफिसर आणि वही घेतलेले उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारे. माझ्यासमोर थांबले. टोपी, कॉलर, बक्कल, बूट. बुटावर जरा जास्त वेळ. मी मनातल्या मनात २००१, २००४, २०१४, २०२२ अशी तयारीत ठेवली होती. साहेबांनी मला काहीच विचारलं नाही. पुढे गेले. इतका अपमान मला जन्मात वाटला नव्हता.

रोहतकच्या गड्यासमोर ते थांबले. त्याच्या बक्कलाकडे बघत, अगदी घरगुती आवाजात त्यांनी विचारलं, "आज ब्रेकफास्टला काय होतं?"

शांतता. त्याच्या कानशिलावरून घामाचा एक थेंब निघून कॉलरच्या दिशेनं आला, तो मला न बघताही दिसला. मग छाती फुगवून तो ओरडला, "सर, लेफ्टनंट कमांडर, सर!"

साहेबांनी त्याच्या शेजाऱ्याला विचारलं. त्यानं क्लोव्ह हिच ही दोरखंडाची गाठ सांगितली.

त्यानंतर शिक्षा म्हणून संपूर्ण रांगेनं परेड ग्राउंडवर जे लोळण घेतलं त्यात धोब्याकडची पांढरी शुभ्रता आणि माझ्या बुटातली ट्यूबलाइट दोन्ही गेली. खरं तर नाश्त्याला पुरी-भाजी होती. मी दोनदा घेतली होती. लोळताना ती चांगलीच आठवली.

त्याच रात्री पोथीला एक नवं पान चिकटवण्यात आलं. सोमवार ते रविवार, प्रत्येक दिवसाचा नाश्ता, चटणीसकट, रोहतकच्या गड्याच्या ठळक अक्षरात. ध्वजाच्या पानाची दुरुस्ती राहिली ती राहिलीच. आम्ही ते नवं पान इतकं पाठ केलं की झोपेत उठवून विचारलं तरी गुरुवारचा उत्तप्पा सांगितला असता.

पुढच्या इन्स्पेक्शनला साहेब माझ्याचसमोर थांबले आणि काल रात्रीच्या जेवणात काय होतं ते विचारलं.