गुप्तदानाची जाहीर पावती

काल दुपारी आमच्या ऑफिसात पुठ्ठ्याच्या भल्यामोठ्या धनादेशासकट एक फोटो निघाला. एक टोक मोठ्या साहेबांनी धरलं होतं, दुसरं एचआरच्या प्रमुखांनी. मधोमध दात दाखवत उभे होते ते चौघे, ज्यांनी या मदतनिधीत दमडी टाकलेली नव्हती. फोटो मी काढला. "मॅडम, जरा मागे सरका, लोगो कापला जातोय," हेही ऐकून घेतलं.

हे काम माझ्या गळ्यात कसं पडलं यात सांगण्यासारखं काही नाही. मीटिंगमध्ये "पुढाकार कोण घेतंय?" असा प्रश्न आला तेव्हा सगळे पडलेलं पेन उचलायला एकदम खाली वाकले, मी वाकले नाही, एवढंच. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना रुग्णालयाजवळ राहायला जागा देणाऱ्या एका संस्थेसाठी हा निधी होता. यात कोण वाद घालणार?

वाद नंतर. आधी पळापळ. मी लिफ्टमध्ये शिरले की आतल्यांना जिना चढण्याचे फायदे आठवायचे. ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं डबा खाल्ला ते मला बघून बंद फोन कानाला लावायचे. एकाचा तर "हं, बोला, बोला" असं चालू असताना कानावरच वाजला. त्यानेही न डगमगता "दुसरा कॉल येतोय" असं सांगून टाकलं. कुणाला?

ज्यांना द्यायचे होते त्यांनी पाकीट काढलं, दिले, कामाला लागले. सफाईचं काम करणाऱ्या बाईंनी तर मी मागायच्या आत पेटीत नोट टाकली आणि पेटीखालची धूळही पुसून गेल्या. वेळ खाल्ला तो न देणाऱ्यांनी आणि त्यांच्याहून जास्त, जेमतेम देणाऱ्यांनी.

आमच्या हिशेब विभागात एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत. त्यांना आपण शंकासुर म्हणू. पेटी घेऊन मी त्यांच्या टेबलाशी गेले तर त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. शंकासुर चष्मा पुसायला लागले की समोरच्याने खुर्ची ओढून बसून घ्यावं.

"मॅडम, राग मानू नका, पण ही संस्था खरी आहे ना?"

नोंदणीचा कागद दाखवला. तो त्यांनी खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

"प्रशासकीय खर्च किती टक्के?"

वार्षिक अहवाल पुढे केला. त्यांनी तो शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात केली.

"इथे वीजबिल आहे. म्हणजे माझ्या पैशातून हे बिल भरणार."

"माणसं राहतात तिथे. दिवे लागणारच ना."

"लागू देत की! माझ्या पैशातून नकोत, एवढंच. बिलात दुसऱ्या कुणाचे घाला."

मी मान डोलावली. कुणाच्या नोटेने कुठला दिवा लागतो याची वही संस्था ठेवत असेलच.

"आणि मुळात हे काम सरकारचं," शंकासुर म्हणाले. "आपण करत बसलो तर सरकार कधी करणार?"

"तोवर ती मुलं थांबतील का?"

"हा भावनिक मुद्दा झाला. शिवाय मुलंच का? म्हाताऱ्यांचं काय?"

"म्हाताऱ्यांसाठी गोळा केले तर द्याल?"

"तेव्हा मुलांचं काय, हा प्रश्न येईलच."

मी उठायला लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं आणि पोस्टरकडे बोट दाखवलं. पोस्टरवर मीच लिहिलं होतं, 'अगदी एक नाणंही मोलाचं'. ही ओळ उगाच नव्हती लिहिली. चाल्डिनी आणि श्रोडर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1976 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात घरोघरी वर्गणी मागताना 'अगदी एक पेनीही चालेल' असं जोडलं, तर देणाऱ्यांचं प्रमाण साधारण 29 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर गेलं. मुख्य म्हणजे सरासरी रक्कम घटली नाही. एवढ्याशासाठी नाही म्हणायला माणसाला लाज वाटते, आणि खरोखर पेनी टेकवायला त्याहून जास्त लाज वाटते, असं त्यामागचं गणित. या गणितात शंकासुर धरलेले नव्हते.

त्यांनी पाकिटातून सगळ्यात मोठी नोट काढली. खोटं कशाला सांगू, माझा गळा दाटून आला.

"सुट्टे आहेत ना पेटीत?"

पोस्टरवर छापलंय तसं एक नाणं त्यांना द्यायचं होतं. बाकीचे परत. मी धर्मादाय पेटीचं कुलूप उघडून, लोकांनी आजारी मुलांसाठी टाकलेल्या नोटा मोजून शंकासुरांच्या हातात ठेवल्या. त्यातली एक फाटकी निघाली, ती त्यांनी बदलून घेतली. मग करसवलतीची पावती मागितली.

"नाव पूर्ण घालू ना?"

"पावतीवर पूर्ण. देणगीदारांच्या यादीत मात्र नको. गुप्तदान आहे."

दुसऱ्या दिवशी फलकावर यादी लागली, आणि शंकासुर माझ्या टेबलाशी.

"माझं नाव दिसत नाही."

"तुम्हीच गुप्तदान म्हणालात."

"हो, पण मी गुप्तदान केलंय हे लोकांना कळायला नको?"

आता यादीत 'एक हितचिंतक (हिशेब विभाग)' अशी नोंद आहे. हिशेब विभागात ते एकटेच असतात.

यादीचा हा खेळ जुना आहे. 1885 साली न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी पैसे कमी पडले. पुतळा फ्रान्सकडून मिळत होता, चौथरा अमेरिकेने बांधायचा होता आणि धनिक मंडळी खिशात हात घालायला तयार नव्हती. तेव्हा जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या 'वर्ल्ड' या वृत्तपत्रातून जाहीर केलं की देणगी कितीही लहान असो, देणाऱ्याचं नाव छापू. लाखाहून जास्त लोकांनी मिळून एक लाख डॉलरच्या वर रक्कम उभी केली. बहुतेकांनी दिले होते एका डॉलरपेक्षाही कमी. माणसाला आपलं नाव छापून आलेलं आवडतं हे त्यांनी ओळखलं होतं. शिवाय हात आखडणाऱ्या धनिकांना ते अग्रलेखातून झोडपू शकत होते. मला प्रत्येक स्मरणपत्राची सुरुवात 'प्रिय सहकारी' अशी करावी लागते आणि शेवटी दिलगिरी व्यक्त करावी लागते. कशाबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही.

शिवाय पुलित्झर यांना एचआर नव्हतं. मी नावं रकमेप्रमाणे लावली तर कमी देणाऱ्यांच्या भावना दुखावतात असा निरोप आला. वर्णानुक्रमे लावली तर 'ज्ञ'वाल्यांनी दरवेळी शेवटीच का यायचं, असं विचारलं गेलं. अखेर हुद्द्याप्रमाणे लावा असं ठरलं, म्हणजे मोठे साहेब पहिले. त्यांची रक्कम विचारली तर त्यांच्या स्वीय सहायकांनी सांगितलं, "जागा कोरी ठेवा, साहेब नंतर बघतील." साहेबांनी बघितलं ते थेट काल, कॅमेऱ्याकडे. जागा अजून कोरी आहे, आणि त्यांच्या खाली, पार तळाशी, सफाईच्या बाई आहेत. तो पुठ्ठ्याचा धनादेश छापायला काय लागलं ते मी विचारलं होतं. "ते वेगळ्या खात्यातून जातं," असं उत्तर मिळालं. ते खातं एकदा मला दाखवा, पेटी घेऊन तिथेच बसते.

फोटोनंतर पेटी रिकामी करून यादीशी ताळा घेतला, तर पैसे जास्त निघाले. कुणीतरी नाव न सांगता, पावती न मागता, बऱ्यापैकी मोठी रक्कम टाकून गेलं होतं. मी खुशीत ही बातमी हिशेब विभागात नेली. शंकासुरांनी चष्मा काढला.

"कमी आले असते तर समजू शकलो असतो. जास्त म्हणजे नक्की काहीतरी घोळ आहे. ही रक्कम कुणाची हे कळेपर्यंत पुढे पाठवायची नाही. आणि जास्त का आले, याचा लेखी खुलासा द्या."

रक्कम मी काल संध्याकाळीच संस्थेला पाठवून दिली. खुलाशासाठी सोमवारपर्यंतची मुदत आहे. बसू देत वाट बघत.