आधी टॉकीज, मग दिग्दर्शक

आमच्या शाळेच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक भांडण ठरलेलं. कुठल्या तरी मराठी सिनेमाला सकाळी साडेनऊचा शो मिळतो. एक गट म्हणतो, मल्टिप्लेक्सवाल्यांना वठणीवर आणा. दुसरा म्हणतो, आधी बघण्यासारखे सिनेमे काढा. मी ब्राझीलमध्ये साओ पाउलोला असतो, भारतापेक्षा साडेआठ तास मागे, त्यामुळे मी ऑफिसातून येऊन वाचेपर्यंत दोन्ही गट घोरत असतात.

इथेही हेच भांडण आहे, फक्त बरंच जुनं. देशी सिनेमासाठी पडदे राखून ठेवायचा कायदा आहे. २०२१मध्ये त्याची मुदत संपली, ती जानेवारी २०२४मध्ये थेट २०३३पर्यंत वाढवली. माझा ऑफिसातला मित्र म्हणतो, या कोट्याचं लोणी रिओचे कॉमेडीवालेच खातात. आपल्याकडे २०१५मध्ये मराठीला प्राइम टाइम द्यायचं ठरलं आणि ओरड झाल्यावर प्राइम टाइमच दुपारी बारापासून सुरू झाला! कामधंद्याच्या दिवशी बाराला सिनेमाला कोण जातं, ते मंत्रालयालाच माहीत.

मला या भांडणात ब्राझीलचा दिग्दर्शक क्लेबर मेंडोंसा फिल्यो आठवतो. जन्म १९६८, गाव रेसिफे (इथले लोक ‘हेसीफी’ म्हणतात), रिओ-साओ पाउलोपासून लांब, ईशान्येच्या किनाऱ्यावर. दिग्दर्शक म्हणून नाव होण्याआधी तो वर्तमानपत्रात सिनेमावर लिहायचा आणि एका सरकारी प्रतिष्ठानाच्या छोट्या थिएटरात कुठले सिनेमे लावायचे ते ठरवायचा. कित्येक वर्षं. पहिला कथापट २०१२मध्ये आला तेव्हा तो चाळिशी ओलांडून गेला होता. शूटिंग कुठे, तर स्वतःच्या गल्लीत.

पुढचा ‘अक्वेरियस’ आपल्या लोकांनी बघावाच. समुद्रासमोरची जुनी इमारत, सगळे फ्लॅट बिल्डरने घेतलेले, उरलेली एकटी बाई विकायला तयार नाही. सोनिया ब्रागाने ती बाई उभी केलीय. दादर-गिरगावात पुनर्विकासाच्या मीटिंगला बसलेल्या कुणालाही कथा समजावून सांगावी लागणार नाही. २०१६मध्ये याच सिनेमाच्या चमूने फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात राष्ट्राध्यक्षा दिल्मा रूसेफ यांना हटवण्याविरुद्ध फलक धरले. मायदेशी ‘देशाची बदनामी’ सुरू झाली आणि ऑस्करला दुसराच सिनेमा गेला. (‘बदनामी’ हा शब्द इथल्या पोर्तुगीजमध्येही तितकाच घासून गुळगुळीत झालाय.) २०१९च्या ‘बाकुराऊ’ला कानचं ज्युरी पारितोषिक मिळालं, २०२५मध्ये ‘ओ अजेंची सेक्रेतो’साठी तिथेच सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक.

ग्रुपवरचा दुसरा गट इथे लगेच म्हणेल, बघा, चांगलं केलं की मिळतं. पण क्लेबरला ‘चांगलं’ कळलं कुठे? गावातल्या त्या छोट्या थिएटरात. तिथे बसून त्याने आधी प्रेक्षक घडवला आणि स्वतःही घडला. आपण शोच्या वेळेवरून भांडतो, पण तालुक्याच्या गावात पडदाच उरला नसेल तर वेळ कसली? माझ्या लहानपणीच्या टॉकीजच्या जागी आता मंगल कार्यालय आहे. त्यावर ग्रुपवर एकदाही भांडण झालेलं नाही. कोटा हवाच, मी त्या बाजूचा आहे. फक्त कोटा लावायला टॉकीज लागते, आणि ती चालवायला सिनेमाचं वेड असलेला, सरकारी का होईना, पगारी माणूस लागतो.

गेल्या वर्षअखेरीस रेसिफेला गेलो होतो. नदीकाठी ‘साओ लुईझ’ आहे, १९५२चं एकपडदा थिएटर, आता राज्य सरकारच्या हातात. पडद्याच्या दोन्ही अंगांना रंगीत काचांची नक्षी आहे, दिवे मंदावतात तेव्हा ती पेटल्यासारखी दिसते. सिनेमा क्लेबरचाच, काळ १९७७चा, आणि त्यातलं एक पात्र याच साओ लुईझमध्ये प्रोजेक्टर चालवतं. आपलं थिएटर पडद्यावर आलं तसे लोक खुर्चीत वळून मागे प्रोजेक्टरच्या खोलीकडे बघायला लागले. मीही वळलो.