हॉट स्प्रिंग्जचा जुगार चालवला नगरपालिकेनं, अल कपोननं नव्हे

‘लास वेगासच्या आधी अमेरिकेची जुगारनगरी होती अर्कान्सासमधलं हॉट स्प्रिंग्ज. शिकागोचा गुंड अल कपोन यानं ती उभी केली, तिथं जुगार कायदेशीर होता, एफबीआयनं धाड घालून तो मोडला आणि शहर बुडालं.’ ही गोष्ट सर्रास फिरते. तीसेक हजार वस्तीच्या या गावात कॅसिनो आणि कुंटणखाने कित्येक दशकं उघड चालले, एवढं त्यात खरं आहे. बाकीचं चुकीचं आहे, आणि त्या चुकीमुळे खरे जबाबदार लोक सहीसलामत सुटतात.

आधी कपोन. 16 मार्च 1899 रोजी भर सेंट्रल ॲव्हेन्यूवर शहर पोलीस आणि कौंटीच्या (जिल्ह्याच्या) शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलीस अधिकाऱ्याची, माणसं एकमेकांवर गोळ्या झाडत होती. जुगाराचे अड्डे कोणाच्या ताब्यात राहायचे, यावरूनच तो वाद होता. पाच जण ठार झाले, त्यात पोलीसप्रमुखही होता. तेव्हा कपोन ब्रुकलिनमध्ये दोन महिन्यांचा होता. पुढं 1920 च्या दशकात तो आर्लिंग्टन हॉटेलात उतरायचा, समोरच्या सदर्न क्लब या जुगारखान्यात जायचा. पण तो गिऱ्हाईक होता. गुंडांपैकी खरोखर तिथं स्थायिक झाला तो न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबचा मालक ओनी मॅडन. 1935 च्या सुमारास आला आणि 1965 मध्ये तिथंच वारला. त्याचं वजन होतं, पण तोही राहिला तो गावच्या कारभाऱ्यांशी जमवून घेऊनच.

‘कायदेशीर होता’ हा दावा सर्वांत घातक. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरची पैज 1935 पासून कायद्यात बसत होती, बस्स. पत्ते, रूलेट, स्लॉट मशीन हे सगळं राज्याच्या कायद्यानं गुन्हाच होतं. मग चाललं कसं? 1927 ते 1947 महापौर असलेल्या लिओ मॅकलॉफलिनच्या कारभारात क्लबवाले ठरावीक मुदतीनं नगर न्यायालयात दंड भरायचे आणि दुसऱ्या दिवशी धंदा पुन्हा सुरू. कुंटणखान्यांनाही हाच नियम. नाव दंडाचं, व्यवहार परवाना शुल्काचा. पैसा शहराच्या तिजोरीत जायचा, म्हणून करदात्यांचीही फारशी तक्रार नसायची.

हे टिकायला निवडणूक हातात लागते. अर्कान्सासमध्ये मतदानासाठी एक डॉलरचा पोल टॅक्स भरून पावती घ्यावी लागे. कारभारी या पावत्या गठ्ठ्यानं काढत आणि त्यांवर आपली मतं टाकवून घेत. 1946 मध्ये युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी सिड मॅकमॅथच्या नेतृत्वाखाली नेमकं याच गाठीवर बोट ठेवलं. स्थानिक कोर्ट कारभाऱ्यांच्या मुठीत. म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा एक उमेदवार काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, जागेसाठी उभा केला, म्हणजे प्रकरण फेडरल (केंद्रीय) कोर्टात नेता येईल. तिथं एकाच हस्ताक्षरातल्या पावत्या समोर आल्या आणि शेकडो रद्द झाल्या. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत एकटा मॅकमॅथ जिंकला. तो सरकारी वकिलाच्या पदासाठी उभा होता, ते तिथं निवडणुकीनं मिळतं, आणि त्या मतदारसंघात शेजारची माँटगोमेरी कौंटीही होती. बाकीचे नोव्हेंबरात अपक्ष उभे राहून निवडून आले.

पण तेवढ्यानं जुगार संपला नाही. 1950 च्या दशकात तो परतला. 1960 मध्ये ‘द व्हेपर्स’ हा झगमगता क्लब उघडला, 1963 मध्ये तिथं बॉम्बस्फोट झाला. 1964 मध्ये हॉट स्प्रिंग्जच्या गार्लंड कौंटीपुरता जुगार कायदेशीर करण्याची घटनादुरुस्ती राज्यातल्या मतदारांनी फेटाळली.

शेवट एफबीआयनं केलेला नाही. जानेवारी 1967 मध्ये गव्हर्नर झालेल्या विन्थ्रॉप रॉकफेलरनं त्याच वर्षी राज्य पोलीस पाठवले. त्यांनी स्लॉट मशीनं जप्त केली, बुलडोझरखाली चिरडली आणि जाळली. त्यासाठी नवा कायदा लागला नाही. जुनाच, फक्त स्थानिक पोलिसांना बाजूला ठेवून वापरला.

राहिलं ‘शहर बुडालं’. गाव मुळात उभं राहिलं ते सुमारे 62 अंश सेल्सिअसच्या झऱ्यांवर. संधिवातापासून गुप्तरोगापर्यंतच्या रोग्यांना डॉक्टर एकवीस स्नानांचा कोर्स लिहून देत. दुसऱ्या महायुद्धानंतर वर्षाला दहा लाखांवर स्नानं झाली, आणि तिथूनच घसरण लागली. पेनिसिलीन आल्यावर आजारासाठी तीन आठवडे गरम पाण्यात कोण बसणार? सर्वांत दिमाखदार फोर्डाइस स्नानगृह 1962 मध्ये बंद पडलं, धाडींच्या पाच वर्षं आधी. तेव्हा कॅसिनो जोरात होते. बकस्टाफ स्नानगृह मात्र जुगार आला-गेला तरी अखंड चालू राहिलं. 2018 मध्ये राज्याच्या मतदारांनी कॅसिनोला मान्यता दिली, आणि त्याच शर्यतीच्या मैदानावर, ओकलॉनला, आज परवाना घेऊन जुगार चालतो.