भंगारातला बार, जुनी पिकअप आणि तो फिरणारा मेसेज

गेल्या काही महिन्यांपासून परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या गाडीवाल्यांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरतोय. मला तो निदान पंधरा जणांनी पाठवला, आणि तिघं तर बार खांद्यावर टाकूनच गॅरेजवर आले. मजकूर थोडक्यात असा: जुन्या पिकअपला मागे स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा स्टीलचा आडवा दांडा) नसतो म्हणून ती वळणावर डोलते. भंगारातून कुठल्याही मोठ्या गाडीचा बार उचला, जाड मिळाला तर उत्तमच. रुंदीला बसत नसेल तर मधून कापून वेल्डिंग मारा. स्टील काही खराब होत नसतं, जुने बुश चालतात. बार बसला की गाडी पलटी होत नाही, पाच क्विंटल माल जादा बसतो आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) तुटत नाहीत.

बार बसवल्यावर गाडी कमी कलते, एवढं यात खरं आहे. भंगारातला बार बसवूच नये, असंही मी म्हणत नाही. नीट पारखून मी स्वतः बसवलेत. पण बाकीच्या गोष्टी खऱ्या धरून कुणी भरली गाडी घाटात घातली तर माणूस जाईल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी जादा मालाचं. ओलं धोतर पिळताना दोन हात उलट दिशेला फिरवले तर पीळ बसतो. दोन्ही हात एकाच दिशेला फिरवले तर धोतर नुसतं फिरतं. बारचं काम तंतोतंत तसंच आहे. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की बारला पीळ पडतो आणि तो गाडी सरळ ठेवायला जोर लावतो. माल भरल्यावर मात्र दोन्ही बाजू सारख्याच दबतात. तेव्हा बार आपल्या डी-बुशमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरांत, नुसता फिरतो, एक किलोही उचलत नाही. खात्री करायची असेल तर गाडीच्या मागच्या दोन्ही चाकांखाली दोन जॅक लावून एकदमच उचला आणि बारकडे बघा. मग एकच बाजू उचला. फरक डोळ्यांनी दिसतो. वजन पेलतात ते पाटे, टायर, हाऊसिंग (मागच्या ॲक्सलचं कवच) आणि चासी, आणि यातलं काहीच बार बसवल्याने जाड झालेलं नसतं. ब्रेकही तेवढेच राहतात. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा वजनाला २० हजार रुपये दंड आहे, वर जादा प्रत्येक टनाला २ हजार. काट्यावर गाडी चढली की बार दाखवून सुटका होत नाही.

आता पलटीचं. हा मुद्दा सगळ्यात धोक्याचा आहे, म्हणून इथं थोडा हिशेब करू.

गाडी कधी उलटते हे मुख्यतः दोन मापांवर ठरतं: दोन चाकांमधलं अंतर आणि मालासकट सगळ्या वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे. समजा चाकांमधलं अंतर १.४ मीटर, म्हणजे मधून एका चाकापर्यंत ७० सेंटिमीटर. रिकाम्या गाडीचा वजनमध्य ८० सेंटिमीटरवर धरू. वेचणीच्या दिवसांत मानवत-सेलूकडे कापूस घेऊन जाणारी पिकअप डोळ्यांसमोर आणा, फाळक्याच्या वर दोन माणूस उंच भरलेली. तिचा वजनमध्य १२० सेंटिमीटरवर गेला असं धरू. ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर ही भरलेली गाडी कागदावरच ताशी ५४ किलोमीटरच्या आसपास आतली चाकं उचलते. रिकाम्या गाडीला तोच आकडा ६६-६७ येतो, आणि तोवर बहुतेक वेळा टायरच घसरतात. ती सरकते, उलटत नाही. रस्त्यावर हे आकडे आणखी खाली येतात, कारण बॉडी कलते, टायर दबतात, माल एका अंगाला सरकतो.

बार यात काय करतो? बॉडी कलल्यामुळे वजनमध्य बाहेरच्या बाजूला जेवढा सरकतो, त्यातला काही भाग वाचवतो. ७० सेंटिमीटरमध्ये दोन-तीन सेंटिमीटर म्हणा. तोच माल फूटभर खाली रचला तर वजनमध्य १२० वरून १०५ वर येऊ शकतो आणि फायदा त्याच्या तिप्पट-चौपट होतो. वळणावर वजन आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर जातं ते जातंच. बार ते थांबवत नाही. पुढच्या चाकांनी त्यातलं किती घ्यायचं आणि मागच्यांनी किती, एवढंच तो बदलतो.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गाडी कलते तेव्हा ती ड्रायव्हरला सांगत असते की वेग जास्त झालाय. कंबरेला ते कळतं आणि पाय आपोआप ॲक्सिलेटरवरून उठतो. जाड बार बसवला की गाडी गप्प होते. कन्नडच्या घाटात ज्या वळणाला माणूस तिसरा गिअर टाकायचा, तिथं तो चौथ्यातच घालतो. वजनमध्य मात्र होता तिथंच असतो.

“जेवढा जाड तेवढा चांगला” हे तर अगदीच उलटं आहे. बारचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरच्या जागी २४ चा बार घातला तर जाडी पाचव्या हिश्श्याने वाढते, ताठरपणा दुपटीच्या वर जातो. ३० चा घातला तर पाचपट. बारच्या वळलेल्या दोन टोकांची, म्हणजे बाहूंची, लांबी कमी असली तर आणखी वाढतो. म्हणजे बसचा किंवा ट्रकचा बार हा “थोडा जाड” नसतो. तो पिकअपच्या मागच्या दोन चाकांना जवळजवळ एकाच काठीला बांधून टाकतो.

मग काय होतं? मोंढ्यात हळद उतरवून वसमतहून रिकामी गाडी परत निघालीय आणि मृगाचा पहिला शिडकावा पडलाय. रस्त्यावर धूळ आणि तेलाचा चिखल. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग मुळात हलका असतो. पुढे काही न बदलता फक्त मागे ताठ बार घातला की वळणावर मागचं आतलं चाक जवळजवळ मोकळं होतं, बाहेरच्या टायरवर सगळा भार येतो आणि गाडीची शेपटी बाहेर पडते. ज्याने आयुष्यभर पुढून सरकणारी गाडी चालवली त्याला मागून घसरणारी गाडी सावरता येत नाही, सवयच नसते. म्हणून मागे बार लावायचा विचार करण्याआधी खाली वाकून पुढे कंपनीचा बार आहे का, त्याच्या लिंक, म्हणजे बारची टोकं जोडणाऱ्या छोट्या काड्या, शाबूत आहेत का, ते बघा. पुष्कळदा पुढची एक लिंक केव्हाच तुटून पडलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो.

पांदण रस्त्याचंही सांगायला पाहिजे. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यानंतर चाकोऱ्या गुडघाभर होतात. एक चाक चाकोरीत, दुसरं धुऱ्यावर. तिथं दोन चाकांनी वेगवेगळं खालीवर व्हायला हवं. ताठ बार ते होऊ देत नाही. एक चाक अधांतरी फिरत राहतं आणि गाडी जागेवर रुतते. शेतात रोज गाडी घालणाऱ्याने बारच्या नादी लागण्याआधी याचा विचार करावा.

वेल्डिंगवर मी एका बारपुरतंच बोलतो, कारण तो मी हातात धरलाय. गंगाखेडकडची एक पिकअप हँडब्रेकवर, पहिल्या गिअरमध्ये रांगत माझ्याकडे आली. मोठ्या गाडीचा बार मधून चार इंच कमी करून जोडलेला. तो जोडाच्या अगदी शेजारी तुटला होता, आणि लोंबकळलेल्या बाहूने ब्रेकचा पाइप दाबून फोडला होता. तुटलेलं तोंड मी चिंधीने पुसलं. एका कडेला नखाएवढी तांबूस चंद्रकोर होती, तिथून आत गुळगुळीत रेघा, आणि उरलेला भाग साखरेसारखा करड्या कणांचा, ताजा. म्हणजे चीर कित्येक दिवस आधी पडली होती, तिच्यात गंज शिरला होता आणि त्या दिवशी फक्त उरलेलं लोखंड तुटलं. गाडीमालक म्हणाला, “मामा, जोड तर लई पक्का मारला व्हता की.” जोड पक्काच होता. तुटलं ते जोडाशेजारचं स्टील. बार स्प्रिंगच्या स्टीलचा असतो. तापवून, विझवून, परत बेताने तापवून त्याला पाणी दिलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने ते पाणी जातं, जोडाशेजारचा पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो आणि पीळ तर तिथंही तेवढाच बसतो. गॅसने लाल करून बार वाकवला तरी हाच घात. बार कापायचा नाही, तापवायचा नाही, त्याच्यावर साधा टाकाही मारायचा नाही. आपल्याच मॉडेलचा, आपल्याच कंसांसकट (ब्रॅकेटसकट) मिळाला तर घ्यायचा, नाहीतर सोडून द्यायचा.

“स्टील खराब होत नाही” याचं उत्तर त्या चंद्रकोरीतच आहे. घेताना बार सपाट फरशीवर ठेवा. दोन्ही बाहू सारखे टेकले नाहीत तर तो वाकलेला आहे. बुशाखालची जागा घासून बघा, गंजाचे खड्डे बहुतेक तिथंच असतात. बार जिथं वाकवलेला असतो त्या वळणांवर डिझेल लावून कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा. चीर असेल तर घटकाभरात पांढऱ्यावर काळी रेघ उमटते.

जुने बुश? नाही. दोन डी-बुश आणि लिंकचे रबर यांची किंमत एका टायरच्या पासंगालाही पुरत नाही, नवे घाला. रबराला साधं ग्रीस लावू नका, ते फुगून सैल होतं. कंस चासीच्या उभ्या पट्टीवर बोल्टने बसवा. वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला भोक पाडू नका, हाऊसिंगवर वेल्डिंग करू नका. नट शेवटचे आवळायचे ते गाडी चारही चाकांवर उभी असताना. मग एक बाजू पूर्ण दाबून आणि पूर्ण सोडून बघा: ब्रेकचा पाइप, सायलेन्सर, डिझेलची टाकी, मागच्या चाकांना ताकद नेणारा जॉइंटचा दांडा यांपैकी कशाला बार घासतोय का? काही पिकअपना मागे वजनाप्रमाणे ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, त्याची काडी हाऊसिंगला जोडलेली असते. ती अडली तर भरल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी पडतात.

राहिले पाटे. ते तुटतात जादा वजनाने, खड्ड्यांनी आणि ढिल्या यू-बोल्टने, आणि यातल्या कशालाच बार अडवत नाही. उलट, तुटलेला पाटा बारमुळे काही दिवस लपतो. मागच्या महिन्यात पूर्णेकडचा एक पोरगा बार घेऊन आला, गाडी डाव्या अंगाला फार पडते म्हणाला. बार भिंतीला टेकवायला सांगितला आणि गाडीखाली गेलो. डाव्या बाजूचं दुसरं पान सेंटर बोल्टजवळ तुटलेलं, शॅकलच्या (पाट्याचं टोक चासीला अडकवणाऱ्या दुव्याच्या) बुशात बोट जाईल एवढी जागा आणि त्याच बाजूचा शॉकअप तेलाने चिंब. पान बदललं, बुश भरले, शॉकअपची जोडी नवी टाकली, चारही टायरची हवा सारखी केली. दुसऱ्या दिवशी तो सोयाबीनची पोती भरून मोंढ्यात जाऊन आला आणि आधी भिंतीला टेकवलेला बार उचलून गाडीत टाकला, भंगारवाल्याला परत द्यायला.