गावोगावी पाइप छापण्याचा दावा आणि थ्रीडी छपाईची खरी जागा

प्रत्येक गावाने थ्रीडी प्रिंटर, म्हणजे थरावर थर रचून वस्तू घडवणारे यंत्र, विकत घ्यावे. टाकाऊ बाटल्यांच्या प्लास्टिकपासून पाइप आणि व्हॉल्व्ह गावातच छापावेत. त्यामुळे कचरा होणार नाही, गळती थांबेल आणि नळपाणी योजना पर्यावरणपूरक होईल, असा दावा बराच पुढे पाठवला जातो. त्यामागचा हेतू चांगला आहे आणि या तंत्राचा पाणीपुरवठ्याला उपयोग आहे असे माझेही ठाम मत आहे. मात्र दाव्यात तो उपयोग भलत्याच ठिकाणी दाखवला आहे, आणि विषय पिण्याच्या पाण्याचा असल्यामुळे ती चूक तशीच सोडून देता येत नाही.

आधी पाइपांचे पाहू. ११० मिलिमीटर व्यासाचा, सहा किलो दाबाचा, सहा मीटर लांब पीव्हीसी पाइप साधारण दहा-अकरा किलो भरतो. कारखान्यात तो काही मिनिटांत अखंड बाहेर पडतो आणि कापलेले तुकडे दळून पुन्हा वापरले जातात. टेबलावरचा प्रिंटर तासाला १०० ग्रॅम प्लास्टिक रचतो असे धरले, तर तेवढ्या वजनाला चार दिवस आणि चार रात्रींहून जास्त वेळ लागेल. शिवाय पंप बंद होताना पाण्याचा जो दणका बसतो, त्याने असा पाइप फुटेल तो थरांच्या जोडावरच.

कचरा होत नाही हे विधान घन ठोकळा कोरून केलेल्या भागाशी तुलना केली तर बऱ्याच अंशी खरे ठरते. पाइप मात्र कोणी कोरून काढत नाही. छपाईतही आधारासाठी रचलेले प्लास्टिक आणि फसलेले नमुने टाकून द्यावे लागतातच.

बाटल्यांचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. कचऱ्यातल्या बाटलीत पूर्वी काय भरले होते आणि तिच्याबरोबर आणखी कोणते प्लास्टिक वितळले, हे गावातल्या यंत्रावर कळत नाही. छापलेल्या भागावरून नख फिरवले की थरांच्या रेघा जाणवतात; त्या खाचांत जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, आणि पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक १०५०० नुसार पाण्यात राखायचा लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन एकदा धरलेला असा थर काढायला पुरत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी २०१५ मध्ये छापलेले भाग झेब्राफिश माशांच्या भ्रूणांसह पाण्यात ठेवले होते. द्रव रेझिन प्रकाशाने घट्ट करून केलेल्या भागांच्या सान्निध्यातले भ्रूण सातव्या दिवसापर्यंत सगळे मेले, तर वितळलेल्या प्लास्टिकच्या भागांचा परिणाम पुष्कळ सौम्य निघाला. अतिनील प्रकाशाची जादा प्रक्रिया केल्यावर रेझिनच्या भागांचा विषारीपणाही घटला. म्हणजे तंत्र सरसकट विषारी नाही. परंतु साहित्य आणि प्रक्रिया दोन्ही तपासल्याशिवाय छापलेला तुकडा कोणाच्याही नळाच्या वाटेवर बसवता कामा नये.

गळतीबाबत थोडक्यात सांगायचे तर ती बहुतेक वेळा सांध्यांतून, फेरूलमधून (मुख्य पाइपावर घराची जोडणी जिथे निघते तो तुकडा) आणि घरजोडण्यांतून होते. तिथे नीट जोडणी आणि नियमित पाहणी हवी.

या तंत्राची खरी जागा पंपघरात आहे. जुन्या पंपाचा इंपेलर, म्हणजे फिरून पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, झिजतो, त्याच्या पात्यांच्या कडा गाळाने खाल्ल्या जातात, पंप पूर्वीइतकेच पाणी द्यायला जास्त वीज घेऊ लागतो. सुटा भाग मिळत नाही, कारण मॉडेल बंद झालेले असते आणि फाउंड्रीतला, म्हणजे धातूच्या ओतशाळेतला, लाकडी पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा घडवतात तो नमुना) केव्हाच मोडीत निघालेला असतो. मग एका भागापायी अख्खा पंप भंगारात जातो. आता झिजलेल्या भागाचे मोजमाप स्कॅनरने घेऊन, झिजेची भर संगणकावर घालून, थेट वाळूचा साचा छापता येतो आणि त्यात नेहमीसारखा धातूचा रस ओतता येतो. पॅटर्न करावाच लागत नाही आणि ओतकाम मात्र ओळखीचेच राहते. कोल्हापूरसारख्या फाउंड्रीच्या गावाला हे सहज पेलण्यासारखे आहे.

साचा न करता धातूचा भागच थेट छापला तर फार वीज लागते, हा आक्षेप मात्र रास्त आहे. ती किलोमागे ५० युनिट धरली, तर १५ किलोच्या इंपेलरला ७५० युनिट लागतील. आता ५० अश्वशक्तीचा पंप पाहा: रोज १६ तास चालला तर तो वर्षाला सुमारे २,१६,००० युनिट घेतो. झिजेमुळे त्यातली दहा टक्के वाया जात असेल, तर रोजचे नुकसान ५९ युनिटांचे होते, आणि छपाईची वीज तेरा दिवसांत भरून निघते. साचा छापून ओतले तर खर्च त्याहूनही कमी येईल.

जलजीवन अभियानात २०१९ पासून देशभर असंख्य गावांत नवे पंप बसले आहेत आणि पंपाचे आयुष्य साधारण १५ वर्षे धरूनच योजना आखली जाते. प्रिंटर विकत घेण्याआधी ग्रामपंचायतींनी योजना ताब्यात घेतानाच कंत्राटदाराकडून इंपेलर, बुश (फिरत्या दांड्याभोवतीची कडी) आणि व्हॉल्व्हच्या भागांची संगणकीय रेखाचित्रे, धातूच्या नोंदीसह, लेखी मागून घ्यावीत.